रोह्याच्या प्रयोगातला मुका ऑर्गन

मी एक जुना ऑर्गन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी डोळे पुसत, हळू आवाजात आपली कहाणी सांगायची असते, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडून तशी अपेक्षा करू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. कुणी म्हणेल, लाकडी पेटीला कसला राग? पोट कापून घ्या एकदा, मग कळेल.

माझा जन्म मुंबईचा. सागवानी अंग, आत पितळी सूर, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि खाली पायांनी दाबायच्या दोन फळ्या. फळ्या दाबल्या की भाता फुगतो, भात्यातला वारा सुरांतून, म्हणजे त्या पितळी जिभांतून जातो आणि मी बोलतो. भाता म्हणजे माझी छाती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावाने वर्गणी काढून मला विकत घेतलं. पेणपर्यंत मी ट्रकने आलो आणि पुढे खाडीतून होडीने. गावात नाट्य मंडळ होतं, संगीत नाटकाचं वेड होतं, पण मला वाजवणारा कुणी नव्हता. आधी शाळेतले गुरुजी बसले. त्यांची बोटं छान चालायची, पण दोन पदांत पाय भरून यायचे आणि माझा आवाज म्हाताऱ्या बोकडासारखा थरथरायचा. मग बावीस वर्षांचा हिरामण माझ्यासमोर बसला. तो मिठागरात काम करायचा. मिठाचा हंगाम लागण्याआधी वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. बाप पुढे, पोरं मागे, एका तालात, एका दमात, सकाळपासून उन्हं चढेपर्यंत. हिरामण सहा वर्षांचा असल्यापासून ते करत होता. त्याचे पाय माझ्या फळ्यांवर पडले आणि मला पहिल्यांदा पोटभर, सारखा वारा मिळाला. बोटं तो नंतर शिकला. पाय शिकूनच आला होता.

बासष्ट साली मंडळाने 'संगीत रत्नकंकण' केलं. त्यातलं तिसऱ्या अंकातलं 'कंकण हे मज भारी झाले' हे पद पुढे पंचक्रोशीत घरोघरी गेलं. त्या पदाला वन्समोअर ठरलेला. आमच्याकडे वन्समोअर नाकारणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं. नटी दमलेली असो, घसा बसलेला असो, लोकांनी मागितलं की पद पुन्हा व्हायचंच.

आणि त्या वेळचे अभिप्राय! वही नव्हती, भाषणं नव्हती. शेजारच्या गावची गिरजाबाई नावाची नवी सून होती. दुसऱ्या दिवशी तिने खाडीच्या बांधावरून, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन, चारचौघांत ओरडून सांगितलं, "हिरामण, दुसऱ्या अंकात घाई केलीस रं! घरी काय गाय व्यायला झाली व्हती?" हिरामण तिच्यावर चिडला. पण पुढच्या प्रयोगाला त्याने घाई केली नाही. असा अभिप्राय हवा, मित्रांनो. कान असलेल्या माणसाचा.

पुढे टीव्ही आला, मिठागरं एकेक करून बंद पडली, मंडळाचे तरुण रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला लागले. नाटक बंद झालं. मी मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात गेलो. पण हिरामण दर सोमवारी यायचा, झाकण उघडायचा, दोन-चार पदं वाजवायचा आणि जायचा. पावसाळ्यात पाणी शिरायच्या आत मला बाकावर चढवायचा. माझा भाता जुना झाला होता, एका ठिकाणी उसवलाही होता. तरी मी बोलत होतो.

दोन हजार बारा साली मंडळाला जाग आली. 'रत्नकंकण'ला पन्नास वर्षं झाली होती. नवा अध्यक्ष कमळाकर हा धाटावला कारखान्यांना बसगाड्या पुरवणारा, पांढरे बूट घालणारा, माईक दिसला की हात पुढे करणारा गृहस्थ. त्याने ठरवलं की रोह्याला मोठ्या सभागृहात रविवारी दुपारी प्रयोग करायचा, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाही येता येईल. तो हिरामणकडे गेला आणि म्हणाला, "काका, ऑर्गन पेणला नेतो, भाता दुरुस्त करून आणतो. त्या पदाला तुमीच बसायचा."

हिरामण तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. गुडघे गेले होते. तरी तो महिनाभर घरच्या ओटीवर बसून जमिनीवर पाय मारत होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. ते पद एकदा, आपल्या माणसांसमोर, माझ्यावर वाजवायचं. बाकी जगाकडून त्याला काही नको होतं.

आणि माझं काय झालं सांगू? मला पेणला नेलंच नाही. एका शेडमध्ये दोन माणसांनी माझी पाठ उघडली, भाता करवतीने कापून काढला, अंगणात फेकला आणि त्या पोकळीत एक काळा स्पीकर बसवला. संगीत आधीच मुंबईत ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. अरे, घर साफ करायला सांगितलं तर देव बाहेर फेकणारी ही जात!

प्रयोगाच्या दिवशी हिरामण दोन तास आधी आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्याने फळीवर पाय ठेवला. फळी ढिली, रिकामी. त्याने मागून हात घातला आणि हात तसाच आत राहिला.

"कमळाकर," तो म्हणाला, "भाता कुठाय?"

"काका, उंदरांनी खाल्लेला. फेकला. तुमचा आता वय झालाय, कशाला तरास? मंडळातला शिवा हाय ना, तो नुसता बसंल, बोटं हलवंल. तुमचा सत्कार ठेवलाय, शाल हाय, नारळ हाय."

"माझ्याशी खोटा बोललास."

"आवो काका, लोकांना काय कळतंय? त्यांना गोड ऐकू आला म्हंजे झाला."

हिरामणचा चेहरा लालबुंद झाला. पण तो ओरडला नाही. "कळंल," तो म्हणाला. "माझ्या मानसांना कळंल. त्यांना कान हायेत." आणि तो जाऊन पहिल्या रांगेत बसला. आपली माणसं हे ढोंग ओळखतात की नाही, एवढंच आता त्याला बघायचं होतं.

पडदा वर गेला. शिवा माझ्यासमोर बसून पट्ट्यांवर बोटं नाचवू लागला आणि माझ्या पोटातून कुणा परक्याचा ऑर्गन वाजू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, मस्तक नाही, तरी गेली! पोकळीत तो स्पीकर धडधडत होता आणि माझे स्वतःचे सूर गप्प बसून ऐकत होते. सरू नायिका झाली होती. ती धाटावला एका कारखान्याच्या पॅकिंगमध्ये कामाला. आवाज खणखणीत, आणि तेवढी एकच गोष्ट तिथे खरी होती.

मध्यंतर झालं. दाराशी टेबलावर अभिप्राय वही ठेवली होती आणि कमळाकर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पेन देत होता. रंगमंच तिथून दूर नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं.

"ऑर्गन काय लागलाय! जुन्या वस्तूची सर नव्याला नाय," असं खांब गावाहून आलेला सखा नावाचा एकजण म्हणत होता. नागोठण्याचे एक निवृत्त मास्तर तर नाकाने कांदे सोलत वहीत लिहीत होते आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, "ऑर्गनवादन अप्रतिम. असे जिवंत वादन आता दुर्मीळ." जिवंत! ऐकलंत? एकाने तर हिरामणच्या पाठीवर थाप मारली. "काका, पोराला चांगला तयार केलात हां!"

"त्यो वाजवत नाय," हिरामण म्हणाला. "पेटीचा पोट कापलाय. आत भोंगा हाय."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, म्हातारा चळला. कुणी म्हणालं, नव्या पोरांवर जळतो. हिरामण खाली मान घालून बसला. कमळाकर हसत होता. मला त्या सभागृहातल्या प्रत्येकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. कमळाकरने एकदा फसवलं, पण ही माणसं तर फसायला रांग लावून आली होती.

मग एक काठी टेकत आली. गिरजाबाई. सत्तरी उलटलेली, खारेपाटातून टेम्पो भरून बायका घेऊन आलेली. ती हिरामणच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हिरामण, ह्यो पेटीवाला दम घेत नाय रं. पाय बदलताना सूर जरासा हलतो. तुझा हलायचा. ह्याचा हलतच नाय."

हिरामणने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. "तूच सांग आता ह्यांना. माझा कोन ऐकतोय?"

"सांगू कशाला?" गिरजाबाई म्हणाली. "मागते वन्समोअर. खरा असंल तर परत वाजंल."

तिसरा अंक सुरू झाला. सरूने पद घेतलं आणि सगळ्यांना गप्प केलं. पद संपतं न संपतं तोच पहिल्या रांगेतून आरोळी आली, "वन्समोअर!" टेम्पोतल्या बायकांनी ती उचलली. मग सगळं सभागृह उठलं. "वन्समोअर! वन्समोअर!" शिवाला वाटलं, हे आपल्यालाच. तो उठला, पुढे आला आणि हात जोडून उभा राहिला. मागे संगीत लावणारा घाबरला. त्याने घाईत भलतंच बटण दाबलं आणि माझ्यातून नाटकाच्या सुरुवातीची नांदी वाजू लागली. शिवा माझ्यापासून चार हात लांब, हात जोडलेले, आणि मी आपला जोरजोरात वाजतोय!

क्षणभर कुणाला काही कळेना. मग हशा पिकला आणि हशाचा आरडाओरडा झाला. "ए, बंद करा ते!" "फसवता काय रे!" "कमळाकरला बोलवा!" मास्तर सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. मला त्यांचाच सगळ्यात जास्त राग आला. तुमचं कळणं डोळ्यांचं, कानांचं नव्हे. शिवा खुर्चीवर बसून राहिला असता तर तुम्ही अजून 'जिवंत वादन' म्हणत घरी गेला असता.

नांदी कशीबशी बंद पडली. सरू पुढे आली. "गप बसा सगळी," ती म्हणाली. "वन्समोअर मागितलाय ना? मी देनार. हिरामणकाका, वर या. सूर द्या मला."

हिरामण पायऱ्या चढून आला. सवयीने माझ्यासमोर बसला, सवयीने फळ्यांवर पाय ठेवले. थप. थप. वारा नाही. मित्रांनो, पन्नास वर्षांत त्याने मागितलं आणि मी दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्याने सगळ्या गावासमोर मागितलं आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. मी लाजेने आणि रागाने फुटलो नाही एवढंच.

तो उठला. माझ्या बाजूला उभा राहिला आणि आपल्या फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात त्याने सरूला षड्ज दिला. मग त्याचे पाय रंगमंचाच्या फळकुटांवर पडू लागले, चिखल तुडवावा तसे, सारखे, न थकता. सरू गायली. पहिल्यापेक्षा संथ, पहिल्यापेक्षा खरी. गिरजाबाई डोळे मिटून मान डोलवत होती. तसं ते पद मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि त्या पदात मी नव्हतो. मी तिथे खोक्यासारखा उभा होतो.

पडदा पडला. मास्तर वहीकडे धावले आणि त्यांनी आपला आधीचा अभिप्राय खोडून त्याच पानावर 'निर्लज्ज फसवणूक' असं लिहिलं. शाई एकच, पान एकच, माणूसही तोच. कमळाकर शाल घेऊन रंगमंचावर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, चुकला माझा. शाल तरी घ्या."

"शाल त्या भोंग्याला घाल," हिरामण म्हणाला. "त्यानी वाजवलंय."

"काका, निदान वहीत दोन शब्द..."

हिरामणने माझ्या झाकणावर हात ठेवला. "लिव्ह," तो म्हणाला. "पद बरा झाला. पेटी मेली."

मित्रांनो, ऐका. तुमच्या घरात, शाळेत, देवळात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला हार घालू नका, तिच्यासमोर भाषणं करू नका. उसवलं असेल तर शिवा. आणि शिवता येत नसेल तर निदान तिच्या पोटात दुसऱ्याचा आवाज घालून तिला नाचवू नका. प्रेक्षक व्हाल तेव्हा कान घेऊन जा, आणि जे ऐकलं तेच बोला.

आणि हिरामणचं म्हणाल तर आयुष्यात तो माझ्याबद्दल पहिल्यांदाच चुकला. मी मेलो नव्हतो. माझे सगळे पितळी सूर जागच्या जागी होते, एकही हललेला नव्हता. मला फक्त नवा भाता हवा होता. तो हात उचलून पायऱ्या उतरायला लागला, तेव्हा मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं, हिरामण, थांब, मी आहे! पण ओरडायला वारा लागतो. तो निघून गेला.