देवळाच्या पायऱ्यांवरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे तर आता अर्धाच दोर आहे. उरलेला अर्धा कुठे गेला ते ऐकाल, तर माझ्यासारखाच तुम्हालाही धक्का बसेल.

मेक्सिकोतल्या युकातानच्या उन्हात वाढलेल्या घायपातापासून माझा जन्म झाला. हेर्मिलो कानुल यांनी पाने ठेचून वाख काढला, वाळवला आणि आपल्या अंगणात मला वळले. तीन पेड, प्रत्येक पेड अंगठ्याएवढा. त्यांची बायको उबाल्दा दुसरे टोक धरून उभी असायची. पीळ सैल पडला की हेर्मिलो ओरडायचे, "अगं, झोपलीस काय?" ती म्हणायची, "झोपायला वेळ कुठे ठेवलाय तुम्ही!"

रानातल्या जुन्या माया देवळावर त्यांचा भाचा फुल्हेन्सियो पहारेकरी होता. त्या देवळाच्या पायऱ्या इतक्या उभ्या, की चढताना गुडघा छातीला लागे. वरच्या लोखंडी कडीला मला बांधून खालपर्यंत सोडले. बांधताना हेर्मिलो भाच्याला म्हणाले, "पावसात कुजणारा माल आहे हा. दोन-चार पावसाळ्यांनी बदल बरं का."

"हो हो, मामा," फुल्हेन्सियो म्हणाला.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दूरदेशीचे प्रवासी येत. वर जाताना छाती पुढे काढून जात आणि उतरताना मला असे बिलगत, जसे मूल आईला बिलगते. कुणाच्या तळहाताला घाम, कुणाच्या हाताला तिखट लावलेल्या संत्र्याचा वास. एका म्हातारीने तर खाली पोचल्यावर माझा मुका घेतला! इतक्या हातांनी घासून मी सोन्यासारखा चमकू लागलो. फुल्हेन्सियो मला थोपटून प्रवाशांना सांगे, "आधी देऊळ पडेल, मग हा तुटेल." ते ऐकून मी फुलून जाई. पावसाळे येत राहिले, जात राहिले. मला बदलायची आठवण कुणालाच झाली नाही. मलाही नाही.

गंमत बघा. जगभरचे लोक ते देऊळ बघून गेले, पण जवळच राहणारी उबाल्दा कधी तिथे आली नव्हती. घर, कोंबड्या, वाख यातून तिला सवडच नव्हती. एका रविवारी तिची नणंद रुफिना, म्हणजे फुल्हेन्सियोची आई, तिला ओढतच घेऊन आली. उबाल्दाने फुलांच्या भरतकामाचा पांढरा झगा घातला होता.

"मामी, जपून हं," फुल्हेन्सियो म्हणाला.

"अरे, आमच्याच पूर्वजांनी बांधलंय ना? मग ते मला पाडतील होय?"

तिचा हात मला लागला आणि मी ओळखला. तोच खरखरीत हात, ज्याने माझे टोक धरले होते! ती वर पोचली. चहूकडे रान पसरले होते. "रुफिना, ते बघ आमचं छप्पर!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

उतरताना त्यांच्या पुढे एक लठ्ठ गृहस्थ होते, ग्वादालाहारा शहरातले चपलांचे दुकानदार आनाक्लेतो. भीतीने ते पायरी पायरीवर बसत खाली सरकत होते. उबाल्दाला हसू आवरेना. "अहो दादा, पायऱ्या पुसायला ठेवलंय का तुम्हाला?"

"बाई, देवानं बसायला दिलंय, ते वापरतोय," ते मान न वळवता म्हणाले. सगळे हसले.

आणि त्याच हसण्यात माझ्या आत काहीतरी कट् झाले.

मला कळेना. एक पेड गेला, लगेच दुसरा. मी? मी तुटतोय? उबाल्दाच्या हातात माझा अर्धा तुकडा राहिला आणि ती हवेत गेली. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली ती रुफिना. उबाल्दा धाडकन आनाक्लेतोंच्या पाठीवर आदळली. दोघेही काही पायऱ्या घसरले, पण ते बसलेले होते आणि अंगाने भक्कम होते, म्हणून थांबले. उभे असते तर दोघेही तळाशी गेले असते. त्यांचा खांदा निखळला. उबाल्दाचा पाय मोडला.

पहिला शब्द कुणाचा, तर एका प्रवाशाचा. "बाई वजनदार आहेत हो." माझ्याकडे कुणी बघितलेही नाही.

हेर्मिलो धावत आले. उबाल्दाला गाडीत घालून दवाखान्यात नेल्यावर त्यांनी माझे तुटके टोक उचलले आणि बोटांनी पीळ उकलला. आतून काळा भुसा त्यांच्या तळहातावर सांडला. मित्रांनो, मी हादरलो! वरून सोने आणि आत हे? मलाच माझा पत्ता नव्हता.

"मामा, चमकत होता हो तो..." फुल्हेन्सियो म्हणाला.

"चमक हातांची होती, फुल्हेन्सियो. दोराची नव्हती," एवढेच बोलून हेर्मिलो दवाखान्याकडे गेले.

त्या पायऱ्या आता बंद आहेत. खालचा तुकडा जाळून टाकला. मी पहारेकऱ्याच्या खोपीत खुंटीला आहे. शेजारच्या बुटक्या देवळावर हेर्मिलोंनी वळलेला नवा दोर बांधला आहे आणि फुल्हेन्सियो दर सोमवारी त्याचा पीळ उकलून आत डोकावतो.

परवा उबाल्दा काठी टेकत आली. फुल्हेन्सियोने तिच्यासमोर नवा दोर उकलून दाखवला. आतला वाख पांढराशुभ्र होता. "बघ मामी, ठणठणीत आहे. चल, चार पायऱ्या तरी चढ."

तिने हात पुढे केला. बोटे दोराला टेकली, पण मूठ मिटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग हसून म्हणाली, "राहू दे रे. इथूनही बरं दिसतं." इथून तिचे छप्पर दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे झोपाळ्याची दोरी असेल, विहिरीचा दोर असेल. तो चमकतो म्हणून थोपटून पुढे जाऊ नका. कुणी भार टाकण्याआधी एकदा पीळ उकलून बघा. नवा दोर वळता येतो हो. एकदा भ्यालेली मूठ तशी पुन्हा वळता येत नाही.