कुशीतलं गाठोडं

झाकण पडलं. पडलं ते पडलं, पण लगेच गप्प बसेल तर ते झाकण कसलं! स्वयंपाकघराच्या फरशीवर ते गोल गोल फिरत राहिलं, आधी संथ, मग घाईघाईनं, आणि शेवटी थरथरत एकदाचं आडवं झालं. तेवढा वेळ घरातल्या दोघी जागच्या जागी दगड झाल्या होत्या. सासूबाई ओट्यापाशी, एक हात हवेत. सूनबाई खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढे, श्वास कोंडून. गादीवरच्या ठकूनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा घोरू लागली.

"वाचलो," सासूबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

ठकूची दुपारची झोप म्हणजे तिच्या आईची कचेरी. पोर निजली की कचेरी उघडायची, पोर उठली की बंद. मधल्या वेळात जेवढं होईल तेवढं काम. पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांकडे लोक जुने फोटो घेऊन येत. कुणाच्या आजोबांच्या कानाला वाळवी लागलेली, कुणाची पणजी बरोबर नाकावर दुमडलेली. काका ते स्कॅन करून पाठवायचे आणि सूनबाई स्क्रीनवर डाग पुसायची, चरे बुजवायची, गेलेला कान दुसऱ्या कानावरून परत करायची. काका म्हणायचे, "तुझ्या हातात इस्त्री आहे. माणसांच्या सुरकुत्या ठेवतेस आणि कागदाच्या तेवढ्या काढतेस."

ती कचेरी चालावी म्हणून सासूबाई दुपारभर मांजराच्या पावलांनी वावरत. ठकू झाली तेव्हा त्या आपलं शिवणकाम, आपल्या मैत्रिणी, आपली खिडकी, सगळं मागे ठेवून चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. सूनबाई तेव्हा तापानं फणफणलेली. हात उचलवत नव्हता, मग पोर कुठून उचलणार! सासूबाई दर थोड्या वेळानं तान्ह्या ठकूला तिच्या शेजारी आणून निजवायच्या आणि सुनेचा हात उचलून तिच्यावर ठेवायच्या. "धरू नकोस. नुसता असू दे. आईचा हात लागायला हवा बाळाला." हे शेवटचं वाक्य त्या रोज का म्हणतात, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. त्या उपकाराची फेड कशी करायची, हेही तिला आजतागायत सुचलं नव्हतं. सासूबाई कधी काही मागतच नसत. साधा चष्मा बदलून घ्यायचा तर "अजून दिसतंय की" म्हणून टाळायच्या.

आज मात्र झाकण उचलून ठेवून त्या तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर कुणा परक्याची आजी होती, अर्धी फाटलेली.

"लोकांच्या आज्या तू परत आणतेस," त्या म्हणाल्या. "माझी आई काढता येईल का गं तुला?"

"आणा ना फोटो, आई. कसाही असू दे."

"फोटो असता तर तुला कशाला विचारलं असतं? कधी काढलाच नाही कुणी."

सासूबाई तान्ह्या असतानाच त्यांची आई गेली होती. बाळंतपणाचा ताप उतरलाच नाही. पुढे लहानपणी कुणी आत्या त्यांच्या देखत म्हणाली होती, "ही आईला गिळूनच आली." हे त्यांनी सुनेला एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं होतं, हसत हसत. पण त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली होती.

"चेहरा बघितलेली आता एकटी ताई उरली," सासूबाई म्हणाल्या. "तिची नजरही चालली. तिच्या डोळ्यांत आहे तोवर एकदा बघू दे मला."

सूनबाई मनात म्हणाली, मागितलं एकदाचं, तेही चंद्र! पण तोंडानं म्हणाली, "करू या."

थोरल्या मावशींना फोन लागला. मावशी सासूबाईंची मोठी बहीण. आई गेली तेव्हा त्या दप्तर घेऊन शाळेत जाण्याएवढ्या होत्या. त्यांनी एका दमात निकाल दिला, "त्यात काढायचं काय? धाकटी म्हणजे डिट्टो आई. तरुणपणीची धाकटी घे आणि जुनी कर."

मग कपाट उपसलं. एक रंगीत फोटो सापडला. दाराच्या चौकटीत उभ्या तरुण सासूबाई, खांद्यावर शाल, आणि हातांत निळ्या दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. गाठोड्यातून एक नाक आणि एक मूठ तेवढी बाहेर. ते नाक म्हणजे ठकूचा बाप.

पुढचे कितीतरी दिवस मावशी फोनवरून आपल्या आईचा चेहरा सांगत राहिल्या आणि सूनबाई तो स्क्रीनवर उतरवत राहिली. "भांग मधोमध. भुवई जाड." "एवढी?" "अगं, आई होती ती, फौजदार नव्हती! कमी कर." सासूबाई बाजूला बसून वाटाणे सोलत ऐकायच्या. सोलून झाले तरी उठत नसत.

मग सूनबाईनं गाठोडं काढलं. आईचा फोटो हवा, त्यात आपल्या नवऱ्याचं काय काम? तिनं बाळ झाकलं, शाल खालपर्यंत ओढली, सगळं नीटस केलं. संध्याकाळी नवऱ्यानं पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "बायकोनं घरातून काढल्याचं ऐकलं होतं. फोटोतून काढणारी तूच पहिली."

आता उरलं जुनं करणं. आणि इथंच गंमत झाली. जे रोज पुसायचं तेच आता लावायचं होतं. तिनं रंग उतरवले, सगळ्याला तपकिरी छटा दिली, कडा धुरकट केल्या. काकांकडच्या जुन्या कोऱ्या पुठ्ठ्यांचे स्कॅन घेऊन त्यांचे डाग वर चढवले. कोपऱ्यात एक घडी पाडली. मग ठकू उठली, दूध झालं, पडलेलं दूध पुसून झालं, आणि ती परत येऊन बसली तर हात सवयीनं चालू लागला. थोड्या वेळानं बघते तर काय, कोपरा स्वच्छ! घडी गायब, डाग गायब, आजी कोरी करकरीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं काकांना फोन केला.

"काका, मी डाग लावते आणि मीच पुसते हो."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "धोब्याच्या हातानं कपडे मळत नाहीत, पोरी. डाव्या हातानं लाव. आणि एक लक्षात ठेव, काही पुसून टाकायचं नाही, नुसतं झाकायचं. आणि जुना केलेला फोटो छापलास की मागे पेन्सिलीनं 'केलेला' असं लिहायचं. आपल्याकडे रीत आहे. नाहीतर पुढची पोरं आपल्या कारागिरीला खरं समजून बसतात."

डाव्या हातानं जमलं. हात थरथरला म्हणून चरेही अगदी खऱ्यासारखे पडले. काकांनी जाड कागदावर फोटो छापून दिला आणि रविवारी मावशी आल्या.

मावशींनी चष्मा लावला. त्यावर दुसरा चष्मा लावला. फोटो खिडकीकडे नेला, नाकापाशी आणला, लांब धरला. ठकू आत निजलेली. नवरा चहाचा कप हातात धरून तसाच उभा. सासूबाई सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले, जसं कुणी शाळेत निकालाची वाट बघतं.

"भांग आईचा," मावशी म्हणाल्या. "डोळेही तिचेच. सुने, हुशार आहेस हो." मग फोटो खाली ठेवला. "पण ही आई नव्हे."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं ताई. पोरीनं एवढं केलं." लगेच सुनेकडे वळून, "छान झालाय हो. मी लावीन." कुणाला वाईट वाटायला नको म्हणून माणसं बोलतात तसं. सुनेला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"आधी ऐकून तर घे," मावशी म्हणाल्या. "हा हात बघ. हा असा वाकलाय, तो काय धरतोय? वारा? रिकाम्या हातांची आई मला आठवतच नाही. अगं धाकटे, ताप चढलेला, उठवत नव्हतं, पण तुला तिनं खाली ठेवलं नाही. आत्या तुला घ्यायला आली तर आई म्हणाली, 'राहू दे वन्सं, तिला ऊब लागते माझी.' मी दारात उभी होते. मला जवळ जायचं होतं, पण माझा नंबर कुठला लागायला! तू बसली होतीस ना मुक्काम ठोकून."

सासूबाईंनी फोटोतल्या त्या वाकलेल्या हाताकडे बघितलं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"तू कधी विचारलंस? मला वाटलं, ज्याला धरलं त्याला माहीतच असणार." मावशींनी वरचा चष्मा काढला. "खरं सांगू? मला अजून हेवा वाटतो तुझा."

सूनबाई उठली. कॉम्प्युटरपाशी गेली. तिला आपल्या अंगावरचा तो तापाचा आठवडा आठवला, आणि आपला निर्जीव हात उचलून ठकूवर ठेवणारा तो दुसरा हात. आपल्याला कुणी धरलं होतं की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईनं तिच्या पोरीला आईच्या हाताविना एक दिवस राहू दिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढचा स्क्रीन पाण्यात बुडाला. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि काकांना मनातल्या मनात हात जोडले. बरं झालं, नुसतं झाकलं होतं. एक बटण दाबलं आणि शाल वर सरकली, गाठोडं परत आलं. एक नाक, एक मूठ.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुपट्याचा निळा रंग हळूहळू विरला, तपकिरी झाला, त्यावर तेच कागदाचे डाग चढले, आणि बाळ त्या हातांत असं बसलं की जणू पहिल्यापासून तिथंच होतं.

नवऱ्यानं वातावरण हलकं करायला तोंड उघडलं. "म्हणजे हिशेब असा. आजी झाली माझी आई. आणि आई झालो मी. मग माझं काय झालं?"

"तुझं लहानपणीही काही झालं नव्हतं," मावशी म्हणाल्या, "आता कसली काळजी करतोस! चहा आण."

त्यानं चहा करून दिला, आणि लगेच काकांकडे धावत जाऊन नवी प्रत छापून आणायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. तो परत आला तोवर मावशींचा दुसरा चहा झाला होता. सासूबाईंनी फोटो दोन्ही हातांत घेतला. त्या फोटोतल्या बाईकडे बघतच नव्हत्या. गाठोड्याकडे बघत होत्या. त्यांनी बोटानं त्या मुठीला नुसतं शिवलं.

"मला माहीत आहे हा केलेला आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "तो चेहराही माझाच आहे. पण हे मात्र..." त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या गालाशी धरला. जन्मभर कुणाकडे काही न मागितलेल्या बाईनं एकदाच मागितलं होतं, आणि ते आपल्या हातून झालं, यासारखं भाग्य सुनेला दुसरं ठाऊक नव्हतं.

एवढ्यात ठकू उठून आली, केस पिंजारलेले, एक मोजा गायब. थेट आजीच्या मांडीवर चढली. आजीनं सवयीनं तिच्याभोवती हात वेढला. सूनबाई रीतीप्रमाणे पेन्सिल शोधून घेऊन आली आणि मागे 'केलेला' लिहायला म्हणून फोटो तिनं सासूबाईंच्या हातातून अलगद घेतला.

"हे बाळ कोण?" ठकूनं विचारलं.

"आजी," सूनबाई म्हणाली.

ठकूनं आजीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा आजीकडे. एवढीशी मूठ आणि एवढी मोठी आजी, हा मेळ तिला जुळवून घ्यावा लागला. जुळला.

"आणि ही?"

"आजीची आई. आजीला कुशीत घेऊन उभी आहे."

"आता कुठंय ती?"

"ती गेली, सोन्या. आजी अशीच लहान होती ना, तेव्हाच गेली."

आजीचा हात ठकूनं स्वतःभोवती आणखी घट्ट ओढून घेतला, फोटोतल्या गाठोड्याभोवती होता तसा. सूनबाईनं फोटो उलटा केला होता, पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं होतं. आणि मग ठकूनं आईकडे मान वर करून विचारलं,

"मग आजी एवढी मोठी झाली, हे तिला कुणी सांगितलं?"