सात नंबरची बादली

"ताई, 'फाटकी चाळणी वापरली गेली' एवढं एक वाक्य लिहून द्या, विषय मिटला," असं म्हणत साहेबांनी कोरा कागद सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवला.

ताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला नाही. सत्तावीस वर्षं त्या याच खिडकीपाशी समुद्रतळाचा गाळ तपासत आल्या होत्या. समुद्रात तेल काढणाऱ्या रिगभोवती फिरून जहाज डबे भरून गाळ आणायचं. ताई तो चाळणीवर धुवायच्या आणि वर राहिलेले किडे, शिंपले, बारीक झिंगे एकेक करून मोजायच्या. जहाजावरच गाळात रंग टाकलेला असे. तो जिवांना चढायचा, म्हणून ते गुलाबी दिसायचे. तळाची तब्येत त्या आकड्यावरून कळायची. घरी सून म्हणायची, "आई, तुमचा जन्म किडे मोजण्यात गेला हो!" ताई म्हणायच्या, "बरं झालं. किडे उलटून बोलत नाहीत."

येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या, आणि काल, सोमवारी, सात नंबरचा डबा उघडला होता. सात नंबर म्हणजे रिगला सगळ्यात जवळची जागा. गेल्या वर्षी तिथे दोनशे बारा जीव मिळाले होते. या वेळी तीन.

"कंपनीला शेजारी नवी विहीर खणायचीय," साहेब म्हणाले. "तीन आकडा गेला की परवानगी अडकली. खोदकामाचा चिखल समुद्रात सोडतात, तेही बंद. तुमची चूक म्हटलं तर नमुना बाद होईल, बाकी काही नाही. वरून फोनवर फोन येतायत हो." साहेब माणूस वाईट नव्हता. सांगताना ते खिडकीबाहेरच बघत होते.

फाटकी चाळणी खरोखरच बेसिनखाली पडलेली होती. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. हात सवयीने चालतात. काल तीच उचलली असेल तर? आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं, चूक आपलीच निघावी. सत्तावीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं तरी चालेल, पण तो तळ जिवंत असू दे.

"आधी बादली बघू," त्या म्हणाल्या.

चाळणीतून खाली गेलेलं पाणी बाकीचे सरळ ओतून देत. ताई मात्र अहवालावर सही होईपर्यंत ते बादलीत झाकून ठेवायच्या. यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. चाळणी फाटकी असेल, तर निसटलेले जीव आता या बादलीतच सापडणार होते.

ताईंनी नवी, आणखी बारीक जाळीची चाळणी उजेडात धरून निरखून घेतली. साहेबांनी बाह्या सरसावून बादलीतलं पाणी तिच्यातून दुसऱ्या बादलीत ओतलं. जेवणाची वेळ टळून गेली. ताई एकेक बशी भिंगाखाली सरकवत होत्या. वाळू होती, शिंपल्यांचा चुरा होता, किड्यांनी बांधलेल्या घरांचे बारीक तुकडे होते. गुलाबी काहीच नव्हतं.

शेवटची बशी संपली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "नाही हो साहेब," त्या म्हणाल्या. "माझी चूक नाही." कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज झाला होता.

"मी बघू एकदा?" साहेब स्टुलावर बसले. अठरा वर्षांपूर्वी ते इथे नवे लागले, तेव्हा चिमटा धरायला ताईंनीच शिकवलं होतं.

"कोपर टेकव. घाई करू नकोस," ताईंच्या तोंडून जुनंच निघून गेलं.

साहेबांनी मुकाट्याने कोपर टेकवलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या कोऱ्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि अहवाल पुढे ओढून 'तीन' या आकड्यापुढे सही केली.

"वर काय सांगाल?"

"चाळणी धड होती म्हणून सांगेन. बोलणी बसतील, बसू देत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "परत येतील का हो ताई, हे सगळे?"

"चिखल थांबला तर येतील. पाच-सहा वर्षं लागतील. मोजायला मी नसेन."

ताईंनी गाळलेल्या पाण्याची बादली उचलली. साहेब हात लावायला पुढे झाले, पण त्यांनी दिली नाही. बेसिनमध्ये त्यांनी ती सावकाश रिकामी केली, आणि नळ सोडण्याआधी तळाशी कुठे काही गुलाबी राहिलंय का, ते पुन्हा एकदा वाकून पाहिलं.