बिनकाट्याची करडई

ही दोन हजार पंचवीस सालची गोष्ट. साल आधीच सांगून टाकते, कारण घरात आतापासूनच म्हणायला लागलेत की तसं काही झालंच नाही, आई वाढवून सांगते. मी वाढवून सांगत नाही. आमच्या पहिल्या मागाचा खडखडाट चाळीस वर्षांनंतरही माझ्या कानात आहे, मग परवाची खंडेनवमी मी विसरेन होय?

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. चादरी आणि टॉवेल. माझे यजमान सयाजीराव वैरागहून सोलापूरला आले आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये दोन माग घेऊन त्यांनी सुरुवात केली. सूत आणि गिऱ्हाईक ते बघायचे, डिझाइन मी काढायची. आधी ग्राफ पेपरवर, एकेक चौकोन रंगवून. चौकोन भरला तर धागा वर, रिकामा तर खाली. डोळ्यांना पाणी यायचं, पण चादर मागावरून उतरली की आपण काढलेलं फूल हाताला लागायचं. पुढं इचलकरंजीच्या एका गृहस्थानं मागाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर तयार केलं. ते आम्ही घेतलं, आणि पन्नाशीत मी माऊस धरायला शिकले. सॉफ्टवेअरबरोबर त्यानं बोटाएवढी एक चावी दिली होती. ती कॉम्प्युटरला खोचली तरच डिझाइन उघडायचं.

त्यावर मी पहिल्यांदा काढली ती करडई. माझं माहेर मोडनिंबचं. वडील ज्वारीच्या रानाला चारी बाजूंनी करडई पेरायचे, जनावर आत शिरू नये म्हणून. आम्ही पोरी तिच्यातून पळायचो आणि पोटऱ्यांवर ओरखडे घेऊन घरी यायचो. तशीच मी ती चादरीला चारी बाजूंनी काठ म्हणून लावली. केशरी-पिवळं फूल कुणीही काढलं असतं. मला पानाच्या कडेचे काटे हवे होते. त्या काट्यांसाठी मी कितीदा मोडलं आणि कितीदा परत काढलं! शेवटी जमलं तेव्हा काठावरून हात फिरवला की बोटाला जरा खरखरीत लागायचं. सयाजीराव म्हणाले, "चावतीय की गं ही!" त्याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

सयाजीराव गेले. कारखाना मुलाकडं, इंद्रजीतकडं आला. कॉम्प्युटर दोनदा बदलला, पण करडई उघडत राहिली. ती खपत होती, मला तेवढं पुरे होतं.

मग त्या वर्षी पावसाळ्यात कॉम्प्युटरवर रोज एक पाटी यायला लागली. तुमची सिस्टीम जुनी झाली, ऑक्टोबरनंतर तिला संरक्षण मिळणार नाही, नवी घ्या. मी ती पाटी रोज बंद करायची. कोणी दारात येऊन रोज 'घर जुनं झालंय, सोडा' म्हणाला तर आपण काय करू? मी तेच करत होते.

इंद्रजीतचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. शेजारच्या शेडमधल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता आणि त्यांची सगळी बिलं गेली होती. त्यानं यशपालला बोलावलं. यशपाल आमचे कॉम्प्युटर बघतो. सरळ पोरगा आहे. त्यानं चावी काढून उलटीपालटी करून बघितली.

"काकू, ही नव्या सिस्टीमवर चालेल का, मला खात्री न्हाय. ज्यांनी दिली त्यांना विचारायला पायजे."

"ते इचलकरंजीचे गृहस्थ तर वारले. दुकान बंद झालं."

"मग इंद्रजीतदादा, ह्याला हात लावू नका. बिलांसाठी दुसरा घ्या. ह्याचं इंटरनेट काढून टाका."

"दोन-दोन कॉम्प्युटर कशाला?" इंद्रजीत म्हणाला. "उद्या आई म्हणेल, जुन्या मागासाठी जुनी लाईट पण पायजे."

"म्हणेन," मी म्हणाले. "आणि तू आणून देशील."

यशपाल हसला. शेवटी ठरलं की दसरा होऊ दे, मग बघू. 'मग बघू' म्हणजे तोवर हात लावायचा नाही, असं माझ्या लेखी ठरलं होतं. इंद्रजीतच्या लेखी काय ठरलं होतं, ते मला खंडेनवमीला कळलं.

आमच्याकडं खंडेनवमीला माग धुऊन-पुसून पूजा करतात. हळदीकुंकू, झेंडूचे हार, लिंबू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा दंडक सयाजीरावांचा, आणि त्यांच्यामागं माझा. एका वर्षी पूजा झाल्यावर ट्रक माल न्यायला आला. गठ्ठे बांधायचे राहिले होते. सुतळी कापायची तर कात्री पूजेत होती. सयाजीरावांनी ट्रक परत पाठवला. आमचा जुना मागवाला सिद्राम, अक्कलकोटकडचा, त्यानं एकदा पूजेनंतर मागात चार थेंब तेल सोडलं तर मी सगळ्यांसमोर त्याला असं बोलले होते की तो पुढं दरवर्षी त्याची आठवण काढून मला चिडवायचा.

त्या दिवशी मी हौसेनं सांगितलं, कॉम्प्युटर बंद ठेवू नका, पडद्यावर करडई लावा आणि तशीच पूजा करा. काळ्या पडद्याला काय कुंकू लावायचं? सून वैष्णवीनं हार घातला, माऊसवर हळदीकुंकू वाहिलं. करडई काय दिसत होती! आरती झाली, सगळे पेढे घेऊन टेबलाभोवती उभे होते. आणि करडईच्या मधोमध पाटी आली.

वैष्णवीनं वाचली. "अहो, हे काय? नवी सिस्टीम तयार आहे म्हणतंय. थोड्या वेळात आपोआप बंद होऊन चालू होणार. खाली 'आत्ता' आणि 'नंतर' अशी दोन बटणं आहेत."

मी इंद्रजीतकडं बघितलं. तो पेढा खात होता.

"सकाळी नुसतं उतरवून ठेवलं होतं," तो म्हणाला. "लगेच बसेल असं वाटलं नव्हतं."

"कुणाला विचारून?"

"आई, सगळ्यांसमोर नको."

"मग 'नंतर' दाब."

त्यानं पेढ्याचा कागद चुरगाळला आणि हसून म्हणाला, "पूजा झालीय. हात कसा लावू? तूच सांग."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मला मात्र वाटली नाही. आरतीत धड टाळ्याही न वाजवणारा हा माणूस, ह्याला नेमकी त्याच क्षणी खंडेनवमी आठवली!

"अहो, दाबा ना ते," वैष्णवी म्हणाली. "देव काय रागावतोय व्हय एका बोटाला?"

"तू दाब मग."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझी सून, मी सांगितलं असतं तर दाबलं असतं तिनं.

कुणीतरी म्हणालं, मेन बंद करा. पण मेनच्या बोर्डावर मीच सकाळी स्वस्तिक काढलं होतं. एरवी आमच्या एमआयडीसीत लाईट जायला निमित्त लागत नाही, त्या दिवशी मात्र ती ढिम्म हलली नाही.

मी पुढं झाले. हात माऊसपर्यंत नेला. कुंकू अजून ओलं होतं.

"वैनी," सिद्राम मागून म्हणाला, "चार थेंब तेलापायी मला बोलला होता की."

तो चिडवत होता, नेहमीसारखा. त्यात वाकडं काही नव्हतं. पण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माझ्या तोंडून कधी ना कधी 'आज हात लावायचा नाही' ऐकावं लागलं होतं. हात लावला असता तर करडई राहिली असती आणि खंडेनवमी गेली असती. दोन्ही माझ्याच होत्या. पोटच्या पोरानं मला त्यांतली एक निवडायला लावली होती, तेही पेढा खात.

मी हात मागं घेतला.

"इंद्रजीत," मी म्हणाले, "तुझ्या बापानं ट्रक परत पाठवला तेव्हा त्याला माहीत होतं आपलं काय जातंय. तुला माहीत नाही. म्हणून तू हसतोयस."

करडई पडद्यावर होती तेवढा वेळ मी तिथंच उभी राहिले. मग पडदा काळा झाला. हार तसाच होता.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर यशपालला बोलावलं. नव्या सिस्टीमनं चावी ओळखली नाही. त्यानं जुनी सिस्टीम परत आणून बघितली. ती आली, पण चावीची आतली नोंद पुसली गेली होती, आणि ती पुन्हा करून देणारा माणूस जगात नव्हता. मागावरही दिवाळीच्या मालाचं दुसरं डिझाइन चढवलेलं होतं. नवं चढलं की जुनं तिथून जातं. करडईची फाइल आहे, जागच्या जागी आहे. उघडत नाही.

इंद्रजीतनं मग एक चादर पसरून मोबाइलनं फोटो काढला आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. सॉफ्टवेअरनं करडई काढून दिली. फूल हुबेहूब, रंगही छान, पानं मात्र गुळगुळीत. काटे त्याला चूक वाटले असावेत, त्यानं ते पुसून टाकले. नमुन्याची चादर मागावरून उतरली तेव्हा "बघ, आली की नाही?" तो म्हणाला. मी काठावरून हात फिरवला आणि उठून आत गेले.

ह्यानंतर काय काय झालं, तेही सांगते. बिनकाट्याची करडई आधीपेक्षा जास्त खपते. गिऱ्हाईक म्हणतं, आता मऊ लागते. इंद्रजीत कारखानदारांच्या बैठकीत नव्या तंत्रज्ञानावर बोलतो, लोक ऐकतात. त्यानं माझी माफी मागितली, फोनवर, गाडी चालवता चालवता. यशपालनं विजापूर रोडला मोठं दुकान घेतलं. अजूनही कधीमधी येऊन चावी मागून नेतो, काहीतरी करून बघतो आणि परत आणून देतो. सिद्रामचे गुडघे गेले, तो गावी राहायला गेला. जाताना त्यानं बक्षीस म्हणून जुन्या मालातली एक करडई मागून घेतली. "चावती बघा वैनी, झोप लागत न्हाय," असा त्याचा फोन येतो. वैष्णवीनं मला ग्राफ पेपर आणून दिला आणि शेजारी बसून म्हणाली, सांगा, मी चौकोन भरते. आम्ही एका पानाच्या अर्ध्या कडेपर्यंत आलो आहोत. माझा हात कापतो आणि ती घाई करते, म्हणून मी तिच्यावरही ओरडते.

चावी मी देवघरात ठेवत नाही. सुपारीच्या डब्यात ठेवते. येत्या खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद करून, वायर उपटून मगच पूजेला ठेवायचा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. पडदा काळाच राहील. कुंकू मी त्यालाच लावीन.