गुणाबाईची प्लिमथ

राहनाळच्या गुणाबाईचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. पहिला नवरा ऐन उमेदीत गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची. त्याच कारखान्यात शेलार गावचा अनंता जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम तो दुरुस्त करायचा. त्याचीही बायको वारलेली. तो गुणाबाईच्या मशीनचा पट्टा तपासायला वरचेवर येऊ लागला. पट्ट्याला काही झालेलं नसायचं. ही गोष्ट आधी कारखान्यात सगळ्यांना कळली, मग घरी कळली, आणि तिचा धाकटा भाऊ मोरू शेलारला जाऊन बोलणी करून आला.

अडचण निघाली ती वेळेची. विधवेचं लग्न म्हणजे पाट. तो दिवस मावळल्यावर, चार माणसांत, वाजंत्रीशिवाय लावायचा अशी रीत, आणि घरातले वडीलधारे नामाकाका रीतीचे पक्के.

"मी दिवसाची जानार," गुणाबाई म्हणाली. "मी काय चोरी केलेली न्हाय."

"आनि जाशील कशात बसून?" काकांनी विचारलं.

"मोरूच्या मोटारीत."

काकांना एवढं हसू आलं की तंबाखूचा ठसका लागला.

मोटार अंगणातच उभी होती. मोरू ज्या सेठची गाडी चालवायचा, त्याने नवी अँबेसेडर घेतली आणि जुनी प्लिमथ "सडण्यापेक्षा तू ने" म्हणून मोरूला देऊन टाकली. होडीएवढी लांब, काळी मोटार. इंजिन मनात येईल तेव्हा चालायचं. रंग धुतल्यावर बरा दिसायचा, पण पुढचा बंपर, दिव्यांच्या कडा आणि दोन्ही अंगांना पुढपासून मागपर्यंत गेलेल्या लांबलचक पट्ट्या खाडीच्या वाऱ्याने पार आंधळ्या झालेल्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखं सगळं पांढुरकं.

"ही मोटार चकाकली तर खुशाल दिवसाची जा," काका डोळे पुसत म्हणाले. "मी सोता म्होरं बसंन."

"बोललाव हां काका," गुणाबाई म्हणाली, आणि पदर खोचून उठली.

लग्न तोंडावर आलेलं. हळदीची तयारी राहिली बाजूला. गुणाबाई आणि तिची भावजय चंद्रा चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मोटारीला भिडल्या. पितळेची कळशी उजळते तशी मोटार का उजळू नये, असा चंद्राचा हिशेब. दोघींनी घाम गळेपर्यंत घासलं. मोटारीला चिंचेचा वास आला, बाकी काही झालं नाही.

मोरूला मात्र ड्रायव्हर लोकांचा एक उपाय ठाऊक होता. त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवली, तिचा बोळा केला आणि बंपरवर घासला. गंजाचे ठिपके निघू लागले. वरून चिंधीने पुसलं तसा तळहाताएवढा तुकडा लख्ख झाला. गुणाबाईने वाकून पाहिलं. तिचं तोंड भोपळ्याएवढं दिसत होतं आणि नाक त्याहून मोठं.

"वन्सं, तुम्ही अशा दिसताव?" चंद्रा म्हणाली.

"तुजं बघ आदी."

दोघी गाल लावून बंपरपुढे बसल्या, आणि हसून हसून चंद्रा मातीतच लोळली. तिथून पुढे वाड्यावस्तीवरच्या बाया येत गेल्या, चांदीचे बोळे करत गेल्या. दुपारपर्यंत अख्खा बंपर आरशासारखा झाला. गावात सिगारेट ओढणाऱ्या एकाच्याही खिशात पाकीट धड राहिलं नाही.

पण दोन्ही बाजूच्या पट्ट्या काही केल्या ऐकेनात. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या, चांदीच्या बोळ्याने त्यांचं पांढरेपण जरासुद्धा हललं नाही. गुणाबाईने हातातला बोळा मातीत टाकला.

आणि तेवढ्यात सायकलवरून अनंता आला. लग्नाआधी नवऱ्याने नवरीच्या अंगणात यायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो कुंपणाबाहेरच थांबला आणि मोरूलाच उद्देशून म्हणाला, "मोरूभाऊ, कारखान्यात खबर लागली. ते धातूचं वरचं कातडं खराब झालंय. कितीही घासा, उपयोग नाही. कातडंच काढायला पाहिजे."

"कशानं?"

अनंताने पिशवीतून एक बरणी आणि रबरी हातमोजे काढले. "रंगखान्यातला कॉस्टिक सोडा. मांगून आणला. हाताला लागला तर आपलंच कातडं निघंल, म्हणून मोजे."

"कुंपनाबाहेरून लावनार काय?" गुणाबाईने विचारलं. लग्न ठरल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. अनंताचे कान लाल झाले. सायकल कुंपणाला टेकवून तो आत आला.

मोरूने पट्ट्या मोटारीवरून सोडवल्या. मातीला लागू नयेत म्हणून अनंता म्हणाला, "दोन पाट आणा खाली ठेवायला."

"दोन कशाला?" गुणाबाई म्हणाली. "मना एकच लावायचाय."

बाया एवढ्या मोठ्याने हसल्या की अनंताच्या हातातला मोजा खाली पडला. त्याला तो उचलायचंही सुचेना.

मग त्याने कॉस्टिक पाण्यात विरघळवून काठीला बांधलेल्या चिंधीने पट्टीवर फिरवला. पट्टी फसफसली, बुडबुडे आले, आणि पांढरी होती ती काळवंडली. चंद्राने कपाळावर हात मारला. पण अनंताने भरपूर पाणी ओतून ती धुतली आणि पाण्याचा बारीक पॉलिश पेपर हातात घेतला. दुसरा तुकडा त्याने गुणाबाईकडे सरकवला. तो एका टोकाने सुरू झाला, ती दुसऱ्या टोकाने. घासायचं, पाणी मारायचं, मग लूमवरच्या वाया गेलेल्या सुताच्या गुंत्याने पॉलिश लावून पुसायचं. दोघांमागे दोन चकाकते तुकडे लांबत गेले, मधला मळका भाग आखडत गेला. शेवटी वीतभर उरला तेव्हा दोघांचे हात थांबले. बाया बघत होत्या.

"तुमी करा," अनंता म्हणाला.

"दोगं करू," गुणाबाई म्हणाली.

नामाकाका हे सगळं ओटीवरून पाहत होते. पट्ट्या पुन्हा मोटारीवर बसल्या तसे ते खाली उतरले, मोटारीभोवती फिरले, बंपरपाशी वाकले. त्यात त्यांना आपल्या मिशा दिसल्या. त्यांनी त्या दोन्हीकडून नीट केल्या. मग मागच्या चाकाच्या टोपीकडे बोट दाखवून ते नाराजीने म्हणाले, "ही राहिली." आणि कोणाची वाट न पाहता चांदीचा बोळा घेऊन स्वतःच उकिडवे बसले.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी मोटार निघाली. पुढे मोरू आणि फेटा बांधलेले काका, मागे हिरव्या लुगड्यातली गुणाबाई आणि चंद्रा. भिवंडीत शिरताच पट्ट्यांवरचं ऊन दुकानांच्या फळ्यांवर, भिंतींवर, लोकांच्या तोंडांवर नाचू लागलं. लोक डोळ्यांवर हात धरून बघत. गुणाबाईला हसू आवरेना. लाजायला हवं हे तिला कळत होतं, पण जमत नव्हतं.

बाजार ओलांडला आणि मोटार बंद पडली. मोरूने सगळे उपाय केले. नेमकी शिफ्ट सुटत होती. कारखान्यातले लोक धावत आले. "अरे, ये तो अपनी गुनाबाई है," एक जण म्हणाला, आणि सगळे मागे लागून धक्का देऊ लागले. गुणाबाईही लुगडं खोचून उतरली.

"नवरीनं ढकलायचं नसतं," काका आतून म्हणाले.

"मंग तुमी उतरा."

काका उतरले नाहीत. दिलेल्या शब्दाप्रमाणे ते पुढेच बसून राहिले, आणि रस्त्यावरच्या ओळखीच्या प्रत्येकाला रामराम करत राहिले.

अशी ती वरात शेलारात पोचली. दिवस अजून चांगला वर होता. धापा टाकणारी नवरी आणि तिच्यामागे सुताच्या कणांनी माखलेली अर्धी शिफ्ट पाहून अनंता धावत सामोरा आला. तिथेच मांडवात, उन्हात, पाट लागला. वाजंत्री ठरवली नव्हती. कारखान्यातल्या पोरांनी पत्र्याचे डबे वाजवले.

नंतर बायांनी गुणाबाईला घेरलं. नाव घे म्हणाल्या. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिला इतकं हसू फुटलं की शब्दच निघेना. चंद्राने पाणी दिलं, तेही ठसक्याने सांडलं. शेवटी अनंता पुढे झाला. त्याला यमक-बिमक येत नव्हतं. सगळ्यांच्या देखत तो नुसताच म्हणाला, "गुणा."