आरशातलं विष

ब्युटी पार्लरच्या त्या छोट्या खोलीत वीस-पंचवीस बायका, चार पुरुष आणि एक कुरकुरणारा पंखा कोंबला होता. पार्लरवाल्या उजळमाईंनी एका बाईच्या गालावर जेल लावलं, बोटं गोल गोल फिरवली आणि बघता बघता गालावरून करड्या गुठळ्या गळायला लागल्या. खोलीभर "अगंबाई!" झालं.

"हे काय आहे, ठाऊक आहे? डॉक्टरांच्या मलमांचं साठलेलं विष!" उजळमाई गुठळ्या कागदावर झेलत म्हणाल्या. "मलम मुरुमं आत ढकलतं, आमचं जेल बाहेर ओढतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

मी बघत होतो आणि मान डोलावत होतो. अठरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला मी! शेजारी माझी सतरा वर्षांची लेक स्कार्फमध्ये तोंड लपवून बसली होती.

महिन्यापूर्वी त्वचेच्या डॉक्टरांनी तिला मुरुमांवर मलम लिहून दिलं होतं. असलं मलम देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, पाकिटावर पेनाने लिहूनही देतो. लेकीचं पाकीट मात्र मी न बोलता टेबलावर ठेवून दिलं. "औषधवाल्याच्याच घरी असा चेहरा?" असं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं होतं. तेव्हापासून मला तिच्या चेहऱ्याची लाज वाटायची, तो विषयच नको वाटायचा. तिने आपल्या मनाने रोज मलम थापलं, दिवसातून चारदा साबणाने तोंड घासलं. चेहरा लालभडक होऊन सोलवटला. मग मेहुणीने उजळमाईंचं नाव काढलं आणि मी ट्यूब कचऱ्यात टाकली.

लेकीचा नंबर आला. दोन मिनिटांत तिने माईंचा हात बाजूला केला. "आग होतेय."

"विष निघताना आग होणारच, बाळ!"

लेकीने वाटीतलं जेल बोटावर घेतलं आणि समोरच्या स्वच्छ आरशावर चोळलं. आरशावरूनही गुठळ्या गळायला लागल्या.

"माई, या आरशाला कुठलं मलम लावलं होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आरशावर शंभर जणांची नजर पडते," माई घाईने म्हणाल्या. "हे नजरेचं विष!"

तोवर एका काकूंनी आपल्या चष्म्यावर जेल चोळून पाहिलं होतं. चष्माही विषारी निघाला. मग मात्र खोली हसून हसून बेजार झाली.

मला हसू आलं नाही. रस्त्यात लेकीने विचारलं, "बाबा, जेलची ही गंमत तुम्हाला माहीत होती?"

"नाही."

"आणि मलम कसं लावायचं ते?"

"ते माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मी खिशातून फोन काढून डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. ते जेल चोळलं की त्याचाच चिकट भाग सुटून गुठळ्या होतात, त्वचेवरचा मळ लागला की त्या करड्या दिसतात, एवढंच. आग शमेपर्यंत त्यांनी मलम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी लेकीसमोर बसून नव्या ट्यूबच्या पाकिटावर लिहिलं: सौम्य फेसवॉश दोनदाच, घासायचं नाही. सकाळी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रात्री तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं मलम, आधी एक दिवसाआड, वरून मॉइश्चरायझर. फरक दिसायला तीन महिने.

"इतकंच?" तिने विचारलं.

"इतकंच."

कुणी तुमच्या चेहऱ्यातून विष काढून दाखवलं, तर आधी ते काचेवर काढून दाखवायला सांगा. काचेला मुरुमं येत नाहीत. आणि घरात औषध आणलंत, तर ते कसं घ्यायचं हे तोंडाने सांगा. उजळमाईंनी माझ्या लेकीला दोन मिनिटं फसवलं. मी महिनाभर गप्प बसलो होतो.