हवेतला बॉल आपला नसतो

ओमानमधल्या इब्रा गावात सिदराच्या शाळेच्या मैदानाला तीन बाजूंनी खजुराची बाग होती आणि चौथ्या बाजूला प्रिन्सिपॉलची खिडकी. म्हणजे बॉल कुठेही उडाला तरी नुकसान ठरलेलं. त्यातल्या त्यात खिडकी परवडायची, कारण काचेला जाळी होती. खजुराच्या झावळीला मात्र बोटभर लांब काटे असतात, आणि फुटबॉलच्या बाबतीत इब्र्याच्या काट्यांचा नेम आजवर चुकलेला नाही.

बागेचा मालक एक म्हातारा ओमानी होता. शाळेतल्या कुणालाही त्याने कधी नोकरीवर ठेवलं नव्हतं, तरी सगळी पोरं त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायची. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो फुसका झालेला बॉल दोन्ही हातांवर घेऊन कुंपणापर्यंत यायचा, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करायचा आणि वर मूठभर खजूर द्यायचा. आपणच मारलेल्या बॉलच्या बदल्यात मिळालेला खजूर खाणं फार अवघड जातं. शेवटी पोरांनी शरमेपोटी एक नियम केला. बॉल गुडघ्याच्या वर गेला की कुणीतरी ‘खलास’ म्हणायचं. सगळ्यांनी होतं तिथे थांबायचं. ज्याने मारला त्याने बागेत जायचं, सलाम करायचा आणि बॉल किंवा बॉलचं जे काही उरलं असेल ते घेऊन यायचं. तोवर बाकीच्यांनी हात खाली सोडून गप्प उभं राहायचं.

हा नियम इतका जुना झाला की पुढच्या पोरांना तो फुटबॉलचाच नियम वाटू लागला. डोक्याने बॉल मारायचा हेडर नावाचा प्रकार इब्र्याच्या मुलींनी टीव्हीवर पाहिला होता, जसा बर्फ पाहिला होता तसा.

त्यांना शिकवणारे तानाजी सर मूळचे गुहागरकडचे आणि कबड्डीचे. शाळेने फुटबॉल त्यांच्याकडे सोपवला, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. हवेतल्या बॉलबद्दलचा नियम सरांना मनापासून पटला. जमीन सोडलेल्या गोष्टीची पकड करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मुलींना मैदानाच्या एका कोपऱ्यात, एका खोलीएवढ्या जागेत कोंडायचे आणि एकीला सांगायचे, आता बॉल घेऊन बाहेर ये. बाकीच्या सगळ्या जणी तिला धरायला. चार वर्षं हे केल्यावर सिदराच्या पायातून बॉल काढणं ही इब्र्यात कुणी मनावर घ्यायची गोष्ट राहिली नव्हती.

आणि यंदा सिदरानेच मनावर घेतलं होतं. पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत मुलींची फुटबॉल अकादमी होती. तिथल्या वसुंधरा मॅडम दरवर्षी गल्फमध्ये येऊन दहावी झालेल्या मुली निवडायच्या. ओमानची ट्रायल मस्कतला, शुक्रवारी सकाळी, एकच दिवस. तिथे निवड झाली तर सिदरा पुण्याला जाणार होती. नाही झाली तर रत्नागिरीला बिलकीस फुफीकडे राहून कॉमर्स करणार होती. फुफीने खोलीला रंगही दिला होता. गुलाबी. सिदराने फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून ती मैदानाला पहाटेही जाऊ लागली.

तिचे अब्बा हुसैनमियाँ इब्र्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, नळ आणि पाइप विकायचे. फुटबॉलला त्यांचा विरोध नव्हता, तसा विश्वासही नव्हता. त्यांनी एकच अट घातली होती.

“ती मॅडम माझ्याकडं येऊन बोलली पायजे. तू येऊन सांगशील तर मी धरणार नाय. दुकानातसुद्धा गिऱ्हाईक आपल्या पायानं आत येतो तेव्हाच खरा असतो गो.”

शुक्रवारी अब्बांच्या पिकअपमधून सगळे मस्कतला निघाले. पुढे अब्बा आणि सर, मागच्या सीटवर इब्र्याच्या चार मुली. जुम्म्याच्या नमाजापर्यंत सगळं उरकेल ना, एवढंच अब्बांनी दोनदा विचारलं. सर दोन्ही वेळा इन्शाल्ला म्हणाले.

मैदान खोट्या गवताचं, हिरवं आणि सपाट होतं. चहूबाजूंना उंच जाळी. मस्कतच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांवर त्यांची नावं छापलेली होती, आणि त्या आपसात इंग्लिशमधून प्रेस, ट्रान्झिशन असं काहीबाही बोलत होत्या. त्यातल्या एकीने सिदराला विचारलं, तुमची अकादमी कुठली. सिदराने थोडा विचार केला आणि म्हणाली, तानाजी. ती मुलगी म्हणाली, हे स्पॅनिश आहे का. सिदरा म्हणाली, नाही, गुहागर.

सोहारहून आलेल्या मुली वेगळ्याच होत्या. त्यांचं मैदान समुद्राच्या बाजूला, तिथे वारा कधी पडत नाही. समोर मारलेला बॉल डोक्यावरून मागे येतो. त्यामुळे त्या सगळ्या मान वर करून चालायच्या आणि किक मारण्याआधी आभाळाकडे बघायच्या. त्यांची कॅप्टन विशाखा, वडील स्टीलच्या कारखान्यात टेक्निशियन, अंगाने उंच. आभाळातून पडलेली कुठलीही वस्तू ती डोक्याने परत पाठवत असे.

पहिल्या हाफमध्ये इब्रा विरुद्ध मस्कत असा सामना लावला. चौघींना मस्कतच्याच जादाच्या मुली जोडून टीम पुरी केली. दोनेक मिनिटं बरी गेली. सिदराने तिघींच्या मधून बॉल बाहेर काढला, तेव्हा कडेला बसलेल्या वसुंधरा मॅडम किंचित पुढे झुकल्या. ते सिदराने पाहिलं.

मग मस्कतच्या एकीने बॉल उंच मारला.

“खलास,” इब्र्याची एक जण म्हणाली.

इब्र्याच्या चौघी जागच्या जागी थांबल्या. हात खाली, नजर जमिनीवर. सिदराच्या डोक्याला ठाऊक होतं की ही मस्कत आहे, इथे बाग नाही. पायांना ठाऊक नव्हतं. मस्कतच्या मुलीने त्यांच्या मधून आरामात बॉल नेला आणि गोल केला. तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती नाचली नाही. तसेच आणखी दोन गोल झाले. तिसऱ्या वेळी वसुंधरा मॅडमनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि आधी हळू आवाजात चौकशी केली, की यांच्या शाळेत कुणी वारलंय का.

हाफटाइमला त्या सिदराकडे आल्या. त्यांचा गुडघा जुना दुखावलेला होता, त्यामुळे त्या चालताना एक पाय मोजून टाकायच्या. त्यांनी सरळ सांगितलं. जमिनीवर तुझ्याइतकी चांगली मुलगी आज इथे नाही. पण हवेतल्या बॉलला घाबरणारी मुलगी मी नेऊ शकत नाही.

“घाबरत नाही मॅडम,” सिदरा म्हणाली. तिचं मराठी घरापुरतं होतं, म्हणून ती शब्द शोधत बोलली. “आमच्याकडे ना, वरचा बॉल आपला नसतो. तो दुसऱ्याच्या घरात जातो. मग आपण थांबतो. ते मॅनर्स आहे.”

मॅडमनी तानाजी सरांकडे पाहिलं. सर बुटाची लेस बांधू लागले. त्यांच्या बुटाला लेस नव्हती.

“पुण्यात वरचा बॉल कुणाच्या घरात जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या हाफमध्ये मी तुलाच बघणार आहे. गोल नाही केलास तरी चालेल. वर जायचं.”

त्यांनी टीम मिसळल्या आणि विशाखा सिदराच्या बाजूला आली. विशाखाने शिकवायला उभ्या उभ्या दोन वाक्यं खर्च केली. डोळे उघडे ठेव. तो तुला लागायच्या आत तू त्याला लाग. मग सरांनी आपल्या परीने समजावलं, की पोरी, समज रेडर या वेळी छपरातून येतोय, त्याची पकड कपाळाने करायची. सिदराला विशाखाचं जास्त कळलं, पण तिने सरांना होकार दिला. उरलेल्या वेळात ती नुसती आभाळाकडे बघत राहिली, सोहारच्या मुलींसारखी. आभाळात काहीच नव्हतं. तिला ते बरं वाटलं. तिथे कुणाचंच घर नव्हतं.

पहिला उंच बॉल आला तेव्हा तिने डोळे उघडे ठेवले, म्हणून तो नाकावर येताना तिला स्वच्छ दिसला. रक्त आलं. हुसैनमियाँ आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानात उतरले, तिचं डोकं मागे धरलं, नाकपुडी तपासली आणि पाइपच्या जॉइंटमधलं पाणी थांबवतात तसा टिश्यूचा घट्ट बोळा बसवला. लिकेज आहे, मेन लाइन बरी आहे, असं त्यांनी सरांना कळवलं. आता बस कर, असंही ते म्हणाले. सिदरा तोवर परत आत गेली होती.

दुसरा बॉल मात्र कपाळाच्या बरोबर मधोमध बसला. काय बसला. तो जाळीच्याही वरून पलीकडे पार्किंगमध्ये गेला. सिदरा स्वतःवर इतकी खूश झाली की पुढचं तिच्या पायांनी परस्पर ठरवलं. ती ‘खलास’ म्हणाली आणि गेटमधून बाहेर पडली.

बॉल एका गाडीखाली होता. गाडीत ड्रायव्हर झोपला होता. सिदराने त्याला उठवून सलाम केला, बॉल काढून घेण्याची परवानगी मागितली. त्याने घाबरून दिली. ती बॉल घेऊन परत आली तेव्हा मैदानात दुसऱ्या बॉलने खेळ चालू होता, आणि ती नव्हती तेवढ्यात त्यांच्या बाजूवर आणखी एक गोल झाला होता.

“कुठे गेली होतीस?” मॅडमनी विचारलं.

“बॉल आणायला.”

“बॉल आहेत ना इथे. पिशवीभर आहेत.”

सिदराने पिशवीकडे पाहिलं. त्यात खरंच पिशवीभर बॉल होते, सगळे फुगलेले. एवढे फुगलेले बॉल तिने एका जागी कधी पाहिले नव्हते. म्हणजे इथल्या मुलींना एक बॉल गेला तर दुसरा मिळत आला होता. तिला एकदम राग आला. मुलींचा नाही, बॉलचाही नाही, नुसता राग. तिला वाटलं, गुलाबी खोलीत बसून हे सगळं आठवत राहायचं असेल तर आपण आत्ताच नाक पुरतं मोडून घेऊ. तिने हातातला बॉल पिशवीत टाकला आणि आत धावली.

कॉर्नर आला. बॉल उंच उठला. मस्कतच्या दोन मुली उडाल्या, आणि त्यांच्या मधे सिदराही उडाली. बरोबर उडाली असं म्हणता येणार नाही, एक कोपर विशाखाच्याच खांद्यावर होतं. पण बॉल कपाळाला लागला, खाली आला आणि तिच्या पायापुढे पडला. आता तो जमिनीवर होता. आता तो तिचा होता. भोवती पाच जणी, जागा एका खोलीएवढी. तानाजी सर कडेवरून काहीच ओरडले नाहीत, कारण त्यांना ओरडायला काही शिल्लकच नव्हतं. सिदरा एकीच्या पायाच्या बाहेरून गेली, दुसरीच्या मधून, थांबली, वळली, आणि पाचव्या मुलीला कळायच्या आत मोकळ्या विशाखाला बॉल दिला. समोर नुसता गोल होता. विशाखाने आभाळाकडे पाहिलं, सोहारच्या वाऱ्याचा हिशोब केला आणि मारला. मस्कतला वारा नव्हता. बॉल खांबापासून हातभर बाहेर गेला.

विशाखा फार वेळ आभाळाकडेच बघत होती, जणू वारा यायला उशीर झाला.

वसुंधरा मॅडम उठल्या आणि मैदानाच्या कडेने, एक पाय मोजत, हुसैनमियाँपर्यंत चालत गेल्या. सिदराला तिकडे बोलावून त्यांनी बर्फ नाकाला धरायला दिला आणि मग तिच्या अब्बांशी बोलल्या.

“हेडर मी शिकवते. वाऱ्याची सवयही मोडते. पण पाच जणींच्या पायात बॉल सांभाळणं मला आजवर कुणाला शिकवता आलेलं नाही. सोहारची ती उंच मुलगी आणि ही तुमची, मला दोघी हव्यात.”

अब्बांनी विचारलं, मॅडम, हे तुम्ही स्वतः सांगायला आलात? मॅडम म्हणाल्या, मग दुसरं कोण येणार. अब्बांनी बराच वेळ मान हलवली. मग खिशातून फोन काढला, बिलकीस फुफीचा नंबर लावला आणि रिंग वाजत असतानाच पुटपुटले की रंगाचं काय सांगायचं आता हिला.

मैदानात खेळ चालूच होता, तेवढ्यात शिट्टी वाजली. सिदराने बर्फाची पिशवी मॅडमच्या हातात परत दिली, बोळा नाकात घट्ट दाबला आणि धावत मैदानात शिरली.

“आता कशाला जाते?” मागे अब्बा फोन कानाला लावूनच विचारत होते. “निवडली ना?”

“कॉर्नर आहे,” तानाजी सर म्हणाले.